संगणकाच्या दारात कला शाखा

"आर्ट्‌सवाल्यांना कशाला हवा कॉम्प्युटर?" हे वाक्य मी विज्ञान शाखेच्या मुलांकडून ऐकले असते तर हसून सोडून दिले असते. ते आमच्याच वर्गात, आमच्याच बाकावरून ऐकले, म्हणून हा लेखनप्रपंच!

पुणे विद्यापीठात १९८० साली संगणकशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच्या वीस वर्षे आधी, १९६० साली, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बांधलेला संगणक चालू झालेला होता. पण तो संशोधकांचा. साध्या घरातल्या पदवीधराला 'ये, अर्ज कर' असे म्हणणारा वर्ग काढावा लागतो तो विद्यापीठालाच. पुण्यात आधी विज्ञानाच्या पदवीधरांसाठी एक छोटा अभ्यासक्रम निघाला, १९८३ पासून एम.सी.ए. आले. अमेरिकेने आपल्याला क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. तिचे ठाणे विद्यापीठाच्याच गणेशखिंडीच्या आवारात पडले, आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. हे भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पुढे हा विषय विभागाच्या भिंतीत मावला नाही, महाविद्यालयांत उतरला. मुंबई विद्यापीठातही या शतकाच्या आरंभी बी.एस्सी. आय.टी.चे वर्ग निघाले. आज उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत महाविद्यालयांच्या फलकांवर ही नावे ठळक अक्षरांत दिसतात.

या वाढीचा मला आनंदच आहे. निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली वसलेले उल्हासनगर, काडेपेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांचे अंबरनाथ, यांच्या गल्ल्यांतली मुले आज संगणकावर प्रोग्राम लिहितात, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण वाढ कोणाच्या खिशातून झाली, हेही पाहावे लागते. आमची कला शाखा अनुदानित. संगणकाचे वर्ग मात्र बहुतेक ठिकाणी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरळ मराठीत सांगायचे तर विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारे. माझी आई कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. मजुरी नगावर. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे आणि त्याला संगणकशास्त्रालाच जायचे आहे. त्याने फीचा आकडा सांगितला तेव्हा आई काही बोलली नाही. बोटांवर पँटी मोजू लागली. घरातला पहिला कॉलेजात गेलेला मी. मी कलेला गेलो यात आवड होती, तशी फीही होती. असे किती जण आपल्या वर्गात असतील?

आता मुख्य मुद्दा. संगणकाला गणित लागते, हे मान्य. पण भाषा लागत नाही, असे कोणी सांगितले? देवनागरीचा 'इनस्क्रिप्ट' कळफलक पाहा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'त' आणि 'थ' एकाच कळीवर. अल्पप्राण आणि महाप्राण! जे आपण व्याकरणाच्या तासाला जांभया देत पाठ करतो, तेच तिथे उपयोगी पडले आहे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली मान्य केली. त्याच साली आलेल्या 'युनिकोड'नेही देवनागरीची व्यवस्था तिच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली. मराठीचा तो 'ऱ' तर खास आपलाच. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांतला फरक यंत्राला कळला नाही, तर व्याख्यानाच्या दिवशी स्वयंपाकी व्यासपीठावर बसेल. (आमच्या स्नेहसंमेलनात श्रोत्यांची पसंती कोणाला मिळेल, हे मी सांगत नाही.)

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, आपण पेढे वाटले. पण यंत्राने मराठी बोली ऐकून लिहाव्यात, आगरी वाक्य चूक म्हणून खोडू नये, यासाठी कोण बसणार? प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या शेजारी भाषा जाणणारा हवा. तो कला शाखेतून नाही, तर कुठून येणार?

काही प्राध्यापक म्हणतात की, कलेच्या मुलांना हा विषय झेपणार नाही. सर, इंग्रजीतून एकदम शिकवला तर नाहीच झेपणार. दहावीनंतर गणित सुटलेल्या मुलाला पहिल्याच तासाला सूत्रे फळ्यावर दिली तर तो पळूनच जाईल. मराठीतून, हळूहळू, प्रत्यक्ष यंत्रासमोर बसवून शिकवून पाहा. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत दुसऱ्या शाखेचा खुला वैकल्पिक विषय घेण्याची सोय झाली आहे. ती सोय टंकलेखनाच्या तासापुरती राहू नये, एवढेच म्हणणे आहे. फी वेगळी नको, प्रयोगशाळाही नवी नको. आहे तीच दुपारनंतर उघडावी.

आमच्या वर्गाने तसा अर्ज प्राचार्यांकडे दिला आहे. मराठीच्या सरांनी भाषेचा भाग शिकवायला होकार दिला. संगणक विभागाच्या मॅडमनी एवढेच विचारले, की शनिवारी दुपारी दोनचा तास चालेल का?

चालेल, मॅडम. बदलापूरहून येणाऱ्यांनाही चालेल, त्यांना मी विचारले आहे.