शर्यतीत खाडा नसतो

दिवाळीनंतर माझा पुतण्या पुण्याहून धावड्याला आला. एस.टी.तून उतरून वस्तीत पोहोचेपर्यंत त्याला चार जणांनी एकच गोष्ट विचारली, "मेडल दाखव ना." त्याने सगळ्यांना खरे तेच सांगितले. मेडल नाही, शर्यत मध्येच सोडली. ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "इतके पैसे भरून? जरा दम धरायचा होता." माझी वहिनी काही बोलली नाही, उठून आत गेली. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे. माझे मत त्या आजोबांच्या अगदी उलट आहे. मात्र शर्यतीआधी मीही त्यांच्यासारखाच बोललो होतो, हे आधीच कबूल करतो.

ही शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. आधी पोहायचे, पाण्यातून निघून ओल्या अंगानेच सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवून धावत सुटायचे. मध्ये विश्रांती नाही. यातल्या सर्वांत मोठ्या प्रकाराला आयर्नमॅन म्हणतात. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. हे सगळे साधारण १७ तासांत संपवावे लागते. १९७८ मध्ये हवाईत ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला ती पूर्ण केली आणि घरोघरी हे नाव कळले. याच्या निम्म्या अंतराची शर्यत २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. पुतण्या उतरला तो याच निम्म्या अंतराच्या एका शर्यतीत.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे खरेच. जुनी सायकल घेतली तरी फी, प्रवास, राहणे धरून त्याचे दोन-अडीच महिन्यांचे पगार गेले. पुण्यात एका दवाखान्यात तो ब्रदर आहे. पोहायला शिकला तो धावड्यात, विहिरीत, पाठीला डबा बांधून. माझ्या वडिलांच्या लहानपणी आपल्या लोकांना गावच्या विहिरीच्या काठाला उभे राहायचीही चोरी होती. त्यांचा नातू समुद्रात पोहायला निघाला म्हटल्यावर मला जो आनंद झाला, त्यात माझी अक्कल थोडी वाहून गेली.

कारण त्याचे ते वर्ष फार दगदगीचे गेले होते. जानेवारीत २१ किलोमीटरची मॅरेथॉन, फेब्रुवारीत २०० किलोमीटरची सायकल फेरी, उन्हाळाभर रात्रपाळी आणि पहाटे सराव. सप्टेंबरात डेंग्यू झाला. त्यातून उठतो न उठतो तोच सोयाबीन काढणीला आला. मजूर मिळेना, म्हणून रजा टाकून गावी आला आणि दहा दिवस विळा धरला. निघताना मला म्हणाला, "काका, सकाळी उठल्यावर नाडी ६८ लागते. आधी ५६ असायची. झोप लागत नाही, जेवण जात नाही. काय करू?" दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांची नाडी मोजणारा पोरगा स्वतःच्या नाडीचे मला सांगत होता. आणि मी काय म्हणालो? "पैसे भरलेत ना? मग जा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तो गेला. पोहून नीट बाहेर आला. सायकलही पुरी केली, पण ती संपता संपता त्याला मळमळू लागले. धावायला लागला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. नवव्या किलोमीटरला भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला, हुडहुडी भरली, डोके ठणकायला लागले. हे उष्माघाताच्या उंबरठ्यावरचे लक्षण आहे, हे त्याला नोकरीमुळे माहीत होते. तो रस्त्याकडेच्या सावलीत बसला, पायाचा चिप सोडून स्वयंसेवकाच्या हातात दिला आणि म्हणाला, मी थांबतो. त्यांनी बर्फ लावला, मीठ-साखरेचे पाणी दिले. तासाभराने तो उठून चालू लागला.

आता कोणी म्हणेल, अजून बारा किलोमीटर रेटले असते तर? रेटता आले असते का, हा प्रश्न नाही. माणूस फार रेटू शकतो. १९८२ साली हवाईच्या आयर्नमॅनमध्ये ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी बायकांत सर्वांत पुढे होती. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली आणि शेवटची रेषा तिने हातापायांवर रांगत ओलांडली. दरम्यान दुसरी तिच्या पुढे निघून गेली. ते चित्र जगभर दाखवले गेले आणि त्यामुळेच हा खेळ वाढला. मला तिच्या धैर्याबद्दल आदर आहे. पण आपल्या पोरांना मोबाइलवर नेमकी तेवढीच चित्रफीत दिसते, आणि त्यांना वाटते जिद्द म्हणजे हेच.

शरीराचा हिशेब वेगळा असतो. स्नायूंत साठवलेली साखर जोराच्या मेहनतीत दीड-दोन तासांत संपत येते. मग वरून घातलेल्या खाण्यावर आणि चरबीवर गाडी चालते. पोट बिघडले असेल, रक्त कमी असेल, झोप झालेली नसेल, तर ती गाडी मध्येच बंद पडते. ताकद सरावाने येते म्हणतात ते अर्धेच खरे. सरावाने स्नायू झिजतो, तो भरून येतो आणि आधीपेक्षा बळकट होतो ते झोपेत आणि जेवणात. म्हणून चांगले खेळाडू शर्यतीआधी दोन-तीन आठवडे सराव कमी करत आणतात आणि हंगाम संपला की काही आठवडे बूट बाजूला ठेवतात. त्याला कोणी आळस म्हणत नाही.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटचा जवान. २०२४ च्या जुलैत पॅरिसला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत ८:१४.१८. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलंडमध्ये ८:२९.९६, आणि सप्टेंबरात ब्रसेल्सला ८:१७.०९. कारण एकटा थकवाच होता असे मी म्हणणार नाही, शर्यतीत शंभर गोष्टी असतात. पण सोबत प्रशिक्षक, डॉक्टर, ठरलेला आहार असलेला देशातला सर्वोत्तम धावपटूसुद्धा हंगामभर सारखाच पळत नाही. मग विळा ठेवून थेट शर्यतीला गेलेल्या आपल्या पोराकडून आपण कोणत्या हिशेबाने मागतो?

मला वाटते, हा हिशेब आपण कामावरून उचललेला आहे. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. जोडीने उचल घेतलेली असते. ताप आला, पाळी आली, पाय मुरगळला, तरी फडात उभे राहावे लागते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कापूस वेचणीला, मिरची तोडणीला थांबले की तेवढी मजुरी गेली. पिढ्यान्‌पिढ्या आपण एकच शिकलो, थांबणे परवडत नाही. तीच भीती घेऊन आपण मैदानावर येतो. खेळात तरी ती कशाला? शर्यतीत खाडा नसतो. भरलेले पैसे गेलेलेच असतात, पळून पुरी केली तरी ते परत येत नाहीत. थांबण्याचा हक्क जिथे आपल्याला पूर्ण आहे अशी जागा मुळात थोडी, आणि तिथेही आपणच पोराला म्हणायचे, दम धर?

याची किंमत केवढी असू शकते ते आपण पाहिले आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना काही तरुणांचे जीव गेले. भरतीला येणारी बहुतेक पोरे अशीच असतात. गावाकडून रात्रभर प्रवास केलेली, कुठेतरी पथारी टाकून झोपलेली, वड्यापावावर दिवस काढलेली. त्या घटनेनंतर धावण्याचे अंतर कमी केले गेले. आता मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. अंतर कमी झाले, पण मागच्या हंगामाचा शीण घेऊन मैदानावर उतरणे तसेच आहे. ट्रायथलॉनला धावड्यातून एखादाच जाईल. भरतीला घरटी एक जातो, म्हणून हे सगळे लिहितो आहे.

तेव्हा घरात कोणी पळायची तयारी करत असेल, तर हंगाम संपल्यावर निदान तीन-चार आठवडे त्याला भरावाचे द्या. काम पूर्ण बंद करा असे म्हणणे सोपे आहे, आपल्याला ते जमत नाही, मला माहीत आहे. पण काम चालू असेल तर त्या दिवशी सराव नको, हे तर जमेल? सकाळी अंथरुणातच मनगटाला बोट लावून मिनिटभर नाडी मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असे दोन-तीन दिवस सलग दिसले, तर पळू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पुरुषाचे १३ च्या खाली आणि बाईचे १२ च्या खाली असेल, तर आधी रक्त भरून काढायचे, मग सराव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले होते. म्हणजे भरतीच्या रांगेतल्या मुलींपैकी कितीतरी जणी धावण्याआधीच दमलेल्या असतात. मुलीची पाळी सरावामुळे बंद झाली, तर ते बरेच झाले असे समजू नका. जेवण कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ असतो.

खाण्याला महागडे डबे लागत नाहीत. भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी आणि तिच्यावर लिंबू. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. आपल्या गावाला ज्या झाडाचे नाव आहे त्या धावड्याच्या डिंकाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो. एखादा पळणाऱ्या पोरीलाही द्या की! लांब पळताना घाम खूप जात असेल तर नुसते पाणी ढोसत राहू नये, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओ.आर.एस. घ्यावे. उन्हात हुडहुडी भरली, बोलणे बरळल्यासारखे झाले किंवा छातीत दुखले, तर तिथेच थांबायचे. पळून झाल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी झोपून राहायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायू झिजून त्याचा मळ मूत्रपिंडात अडकतो, आणि हे दुखणे थांबून पाहण्याचे नाही.

पुतण्याने परत आल्यावर रक्त तपासले. हिमोग्लोबिन ११.४ निघाले. मी मनात म्हटले, ह्या रक्तावर आपण त्याला एकवीस किलोमीटर पळायला धाडत होतो. वहिनीला आणि ओट्यावरच्या आजोबांना तो कागद दाखवला. आजोबांना आकडा कळला नाही, पण ते म्हणाले, "मंग बसला ते बरं केलं." दोन महिने त्याने फक्त चालणे ठेवले आणि रात्रपाळीनंतरचा सराव बंद केला.

परवा त्याचा फोन आला. रक्त १३ च्या वर गेले, नाडी पुन्हा ५७-५८ वर आली. पुढच्या शर्यतीची नावनोंदणी सुरू झाली म्हणे. मी विचारले, "मग भरले का पैसे?"

"नाही काका," तो म्हणाला. "यंदा सोयाबीन कधी निघतं ते बघू आधी."