न वाचणारा परीक्षक

हॅम्बुर्गच्या गोदीत १९३६ साली टिपलेले एक छायाचित्र जगभर परिचित आहे. जहाजाच्या जलावतरणासाठी जमलेल्या गर्दीने नाझी पद्धतीने हात उंचावले आहेत आणि एकच कामगार हाताची घडी घालून उभा आहे. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी हे चित्र ट्विटरवरील आपल्या पृष्ठाच्या शिरोभागी लावले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने ते द्वेषमूलक ठरवून त्यांचे खाते बंद केले. ते परत मिळते न मिळते तोच पुन्हा बंद झाले. या वेळी निमित्त होते गोरख पांडे यांच्या ‘उसको फाँसी दे दो’ या हिंदी कवितेचे. हेगडे यांनी ती पूर्वी कधीतरी पुढे पाठवली होती.

शीर्षकातील आज्ञा कवीची नव्हे, सत्तेची आहे. पोटाला मागणाऱ्याला सत्ता काय उत्तर देते, ते कवी तिच्याच तोंडून वदवतो. ज्याला एवढा उपरोध उमगत नाही त्याच्या हाती आपण शाळेतल्या उत्तरपत्रिकाही देणार नाही. येथे मात्र फाशी हा शब्द आढळला आणि शिक्षा झाली. हाच न्याय लावायचा तर भवानीला रोडगा कबूल करून सासूसासऱ्यांचे मरण मागणारी भारुडातली सून उभी करणाऱ्या एकनाथांचे खाते एक दिवसही टिकले नसते!

यावर उत्तर ठरलेले असते: घर ज्याचे, नियम त्याचा, संपादकही लेख नाकारतोच. नाकारतो खरा. प्रस्तुत लेखकाचेही बरेच लेखन साभार परत आले आहे. परंतु एक लेख नाकारताना कोणत्याही संपादकाने लेखकाचे मागील दहा वर्षांचे लेखन वाचकांच्या दृष्टीआड केलेले नाही. शिवाय कोट्यवधी माणसे जेथे उतरतात त्या वास्तूला घर म्हणत नाहीत. ती धर्मशाळा होय, मग बांधणारा कोणीही असो.

धमक्यांना आणि स्त्रियांच्या विटंबनेला आवर घालणारे नियम हवेतच. त्याविषयी माझा वाद नाही. वाद आहे तो निवाड्याच्या रीतीविषयी. पुस्तक जप्त करताना शासनालाही आपली कारणे आदेशात लिहावी लागतात आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे दाद मागता येते. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर महाराष्ट्र शासनाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही (२०१०), कारण कोणत्या समाजगटांत तेढ माजेल हे आदेशात सांगितलेलेच नव्हते. पुस्तकाविषयी कोणाचे काहीही मत असो, तेथे आदेश वाचला गेला, तपासला गेला. कंपनीचा आदेश तपासायचा कोणी? हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले ते हाच प्रश्न घेऊन. घटनेचे २२६वे कलम उच्च न्यायालयाला शासनाप्रमाणेच ‘कोणत्याही व्यक्तीस’ आदेश देण्याची मुभा देते. प्रश्न आहे तो त्या शब्दांचा अर्थ किती व्यापक धरायचा याचा.

२०२१च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांवर कारणे कळवण्याचे बंधन आले, हे चांगलेच झाले. पुढील वर्षी अपील समित्याही ठरल्या. पण त्या नेमते केंद्र सरकार. सत्तेवरील उपरोधाचा अर्थ लावण्यासाठी सत्तेनेच निवडलेली माणसे! त्यापेक्षा लेखी कारणे, उघडे न्यायालय आणि ती भाषा जाणणारा एक तरी वाचक, एवढेच मागणे पुरेसे होते.