फोनमध्ये शेराऐवजी पायलीचं माप येतंय : १६ केबी पेजची भानगड काय आहे, आणि महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याने त्यातलं काय बघावं?

गुगलने १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर एक नियम लागू केला. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या व्हर्जनसाठी बनवलेलं नवं ॲप असो की जुन्या ॲपचं अपडेट, ते '१६ केबी पेज साइज'वर चाललं पाहिजे. नाही चाललं तर अपलोड होणार नाही.

बातमी अशी वाचली की वाटतं, हे पुण्या-हिंजवडीतल्या पोरांचं काम आहे, आपल्याला काय त्याचं. पण महाड आणि पोलादपूरमध्ये मोबाइल हा नुसता रील बघायचा डबा राहिलेला नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या डोंगरावर पडलेलं पाणी सावित्रीतून पोलादपूरमार्गे महाडात येतं. २२ जुलैला महाड शहर बुडालं होतं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. वीज गेली, संपर्क तुटला. तेव्हापासून इथल्या घराघरात पावसाचा अंदाज, विजेचा इशारा, नदीची पातळी हे सगळं आधी फोनवर बघितलं जातं. भाताची आणि नाचणीची नोंद सातबाऱ्यावर चढवायची ती ई-पीक पाहणीसुद्धा फोनवरूनच.

म्हणून ही भानगड समजून घेऊया. सुरुवात करावी लागेल कर्नलपासून.

कर्नल म्हणजे कोण?

फोनमध्ये एकीकडे ॲप असतात, दुसरीकडे प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा हे हार्डवेअर. या दोघांच्या मधे बसलेला कारभारी म्हणजे कर्नल. कुठल्या ॲपला किती मेमरी द्यायची, कोणाला प्रोसेसर वापरायला द्यायचा, कोणी कुठे हात घालायचा नाही, हे सगळं तोच ठरवतो. अँड्रॉइड फोनमध्ये हा कारभारी लिनक्स असतो. तोच लिनक्स, जो लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये शिकत असताना लिहायला घेतला.

गंमत म्हणजे लिनक्सचा कोड एकच, पण तो चालतो कितीतरी जातींच्या प्रोसेसरवर. इंटेल-एएमडीचा एक्स८६, फोनमधला एआरएम६४, बँकांच्या मोठ्या मशीनमधला आयबीएमचा प्रोसेसर, नव्याने आलेला रिस्क-व्ही, ज्यावर आपल्या सी-डॅकने वेगा प्रोसेसर बनवलेत. कोडमध्ये प्रत्येक जातीसाठी वेगळं फोल्डर असतं.

कर्नल तयार करताना त्याला आधी हजारो प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. कुठला प्रोसेसर? किती कोअर? कुठली फाइल सिस्टिम? हे ड्रायव्हर हवेत का? यालाच कर्नल कॉन्फिगर करणं म्हणतात. सगळी उत्तरं कोणी हाताने देत बसत नाही; प्रत्येक जातीसाठी एक तयार यादी मिळते आणि तिच्यात हवे तेवढे बदल करायचे. पण काही प्रश्न ठरावीक प्रोसेसरच्याच यादीत असतात. एआरएम६४ च्या यादीत एक प्रश्न येतो: मेमरीचं पान किती मोठं ठेवायचं, ४ केबी, १६ केबी की ६४ केबी? तिघांपैकी एकच निवडायचं. इंटेल-एएमडीच्या यादीत हा प्रश्नच नाही, कारण त्या हार्डवेअरचं मूळ पान ४ केबीचंच आहे. १९८५ मध्ये इंटेलचा ८०३८६ आला तेव्हापासून ते तसंच चालत आलंय.

आणि हे उत्तर एकदा दिलं की दिलं. कर्नल तयार होतानाच ते त्यात पक्कं बसतं, नंतर सेटिंगमध्ये जाऊन सहज बदलता येत नाही.

शेर आणि पायली

आता पान म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे जुन्या मापात चार शेरांची एक पायली. कणगीत भात भरायचा आणि हिशेब ठेवायचा. शेराने मोजलं तर हिशेब अगदी बारीक लागतो, पण वहीत नोंदी चौपट होतात. पायलीने मोजलं तर नोंदी कमी, पण कोणाला अडीच शेर हवे असले तरी अख्खी पायली बाजूला काढावी लागते.

४ केबी आणि १६ केबी यांचं नातं नेमकं हेच, चारपट. ८ जीबी मेमरीचा फोन घेतला तर ४ केबीच्या हिशेबाने २०,९७,१५२ पानं होतात. १६ केबीने ५,२४,२८८.

प्रोसेसरकडे नुकत्याच वापरलेल्या पानांचा पत्ता लिहून ठेवायला एक छोटी वही असते, टीएलबी म्हणतात तिला. ती खरंच छोटी असते. पत्ता तिच्यात सापडला तर काम झटपट होतं, नाही सापडला तर कर्नलने ठेवलेल्या मोठ्या दप्तरात शोधायला जावं लागतं, त्यात वेळ आणि बॅटरी जाते. पान चौपट मोठं केलं की त्याच छोट्या वहीत चौपट मेमरीचा पत्ता मावतो. खेपा कमी होतात.

गुगलने स्वतः केलेल्या मोजणीचे आकडे असे आहेत: मेमरीची ओढाताण असताना ॲप उघडायचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी, काही ॲपच्या बाबतीत ३० टक्क्यांपर्यंत. ॲप उघडताना लागणारी वीज सरासरी ४.५६ टक्क्यांनी कमी. फोन सुरू व्हायला लागणारा वेळ साधारण ८ टक्क्यांनी कमी. आकडे गुगलचेच आहेत हे लक्षात ठेवूनही म्हणता येईल की फायदा आहे, पण सरासरी बघितली तर डोळे दिपावेत इतका नाही.

तोटा अडीच शेरवाल्या उदाहरणातलाच. फाइलचा, लायब्ररीचा प्रत्येक तुकडा पूर्ण पानातच ठेवायचा म्हटल्यावर शेवटचं पान अर्धवट रिकामं राहतं. ४ केबीच्या पानात सरासरी २ केबी वाया, १६ केबीच्या पानात ८ केबी. असे हजारो तुकडे असतात. १२ जीबीच्या फोनला याचं काही वाटत नाही. ३-४ जीबीच्या फोनला वाटतं. महाडच्या बाजारपेठेत असे स्वस्तातले फोन भरपूर विकले जातात, तेव्हा ज्याच्याकडे मेमरी कमी त्यालाच या बदलाचा भार जास्त, हे सरळ आहे. अर्थात १६ केबीचं कर्नल घालायचं की नाही हे फोन कंपनीवर सोडलेलं आहे. सक्ती आहे ती ॲप बनवणाऱ्यांवर.

याआधी हा प्रयोग कोणी केला नाही असं नाही. ॲपलचे आयफोन कित्येक वर्षांपासून १६ केबीवर चालतात, पण तिथे फोन, प्रोसेसर आणि सिस्टिम एकाच मालकाची. रेड हॅटने एआरएम सर्व्हरसाठी ६४ केबी निवडलं होतं, आणि २०२२ मध्ये आलेल्या आपल्या नवव्या आवृत्तीत मूळ निवड परत ४ केबीवर आणली. ६४ केबी हवं त्याने वेगळं घ्यावं. २०२३ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर १६ केबीचं कर्नल घेऊनच आला, आणि जेमॅलॉक नावाची मेमरी सांभाळणारी लायब्ररी ४ केबी धरून बांधलेली असेल तर त्यावर चालेना. तिथे एक सोय मात्र आहे, सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली की ४ केबीच्या कर्नलवर परत जाता येतं. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या कोणा विद्यार्थ्याला हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

मग ॲप का अडतं?

इथे खरा मुद्दा येतो. कर्नल मेमरीला परवानग्या देतो: हा भाग फक्त वाचायचा, हा चालवायचा, इथे लिहायचं. ही परवानगी अख्ख्या पानाला मिळते. एकाच पायलीतल्या खालच्या दोन शेरांना एक नियम आणि वरच्या दोन शेरांना दुसरा, असं करता येत नाही.

आता जुनं ॲप बांधताना त्यातल्या लायब्ररीचे भाग ४ केबीच्या रेघेवर कापलेले असतात. इथपर्यंत कोड, इथून पुढे डेटा. १६ केबीच्या फोनवर ती रेघ पानाच्या मधोमध येऊ शकते. कर्नलला एका पानाला दोन परवानग्या देता येत नाहीत, म्हणून लायब्ररी चढत नाही आणि ॲप उघडताच बंद पडतं.

हे सगळ्याच ॲपना लागू नाही. निव्वळ जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेलं ॲप सुटलं. अडतात ती सी किंवा सी++ मधले तुकडे असलेली ॲप: नकाशे, कॅमेऱ्याच्या फोटोवर काम करणारी, गेम, आणि फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये बनवलेली. इलाज अवघड नाही. गुगलच्या बांधणीच्या साधनांची नवी आवृत्ती, एनडीके आर२८ किंवा पुढची, घ्यायची आणि ॲप नव्याने बांधायचं. बाहेरून घेतलेल्या लायब्ररी असतील तर त्यांचीही नवी आवृत्ती आणायची. कोडमध्ये कुठे ४०९६ हा आकडा हाताने लिहून ठेवला असेल तर तो शोधून काढायचा. शिवाय अँड्रॉइड १६ मध्ये जुन्या ॲपसाठी एक तडजोडीची सोय ठेवली आहे, ती सूचना दाखवून ॲप चालवायचा प्रयत्न करते. कायम तिच्या भरवशावर राहण्यासारखं काही नाही.

पण इलाज करायला कोणीतरी जागेवर लागतो. मोठ्या कंपन्या आणि बँका करतील. माझी शंका आहे ती टेंडरवर बनवून घेतलेल्या सरकारी आणि निमसरकारी ॲपबद्दल. अशा कामात ॲप तयार होऊन उद्घाटन होतं, देखभालीची मुदत संपते, आणि मग वर्षानुवर्षं अपडेट येत नाही. ई-पीक पाहणीसारखं रोज वापरातलं ॲप तरी लक्षात राहतं. ते १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे आणि पीकविमा असो की नुकसानभरपाई, सातबाऱ्यावरची नोंद नसेल तर शेतकऱ्यालाच हेलपाटे पडतात. पण एखाद्या जिल्ह्याने, नगरपालिकेने पुरासाठी म्हणून बनवलेलं छोटं ॲप? त्याची आठवण पाणी चढायला लागलं की होते. पावसाळ्याआधीच्या आढावा बैठकीत बोटी, जॅकेट, जेसीबी यांची मोजदाद होते, त्याच यादीत 'आपली ॲप नव्या फोनवर उघडतात का' ही एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत.

एक दिलासा आहे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते आणि 'इमर्जन्सी अलर्ट' आला होता, आठवतंय? तो सेल ब्रॉडकास्ट. तो थेट मोबाइल टॉवरवरून येतो, त्याला कुठलं ॲप डाउनलोड करावं लागत नाही, त्यामुळे या १६ केबीच्या गोंधळाशी त्याचा संबंध नाही. टॉवर चालू पाहिजे एवढंच. आंबेनळी घाटाच्या वाड्यांमध्ये तो असतोच असं नाही, पण तो वेगळा विषय झाला.

आता हातातल्या फोनचं काय?

काही होणार नाही. तुमचा आजचा फोन ४ केबीवर आहे तर तो ४ केबीवरच राहील. पानाचं माप बदलायचं तर कर्नल बदलावं लागतं आणि फोनमधला सगळा डेटा पुसून साठवण नव्याने फॉरमॅट करावी लागते. पिक्सेल ८ आणि पुढच्या काही फोनमध्ये डेव्हलपर लोकांना चाचणीसाठी हा पर्याय दिलाय, तिथेही फोन आधी पूर्ण पुसावा लागतो. रात्रीत झोपेत अपडेट येऊन माप बदललं, असं होत नाही.

त्यामुळेच एक गोष्ट ठळक सांगायची. 'तुमचा फोन १६ केबी नाही, ही फाइल टाका नाहीतर ॲप बंद होतील' असा मेसेज आणि सोबत एपीके फाइल आली, तर ती फाइल उघडू नका. आरटीओ चलन आणि पीएम किसानच्या नावाने अशा फाइल पाठवून खाती रिकामी केल्याचे प्रकार झालेत, आणि नवा तांत्रिक शब्द मिळाला की त्याच्याही नावाने हा उद्योग सुरू होऊ शकतो. तांत्रिक कारण साधं आहे: एपीके म्हणजे ॲप, आणि ॲपला कर्नल बदलता येत नाही. कर्नल बदलतं ते फक्त फोन कंपनीने सही करून पाठवलेल्या सिस्टिम अपडेटमधून. फोन सुरू होताना ती सही तपासली जाते.

ग्रुपवरून घेतलेल्या एपीकेचा आणखी एक तोटा आहे. ते प्ले स्टोअरवरून आपोआप अपडेट होईलच याचा भरवसा नाही, म्हणजे १६ केबीसाठी नव्याने बांधलेली आवृत्ती आली तरी तुमच्याकडे जुनीच पडून राहू शकते. गावात कोणी नवा फोन घेतला आणि जुन्या फोनवरून ॲप 'शेअर' करून घेतलं, की हाच प्रकार.

नवा फोन घेणार असाल तर पहिल्या दिवशीच सरकारी कामाची आणि बँकेची ॲप प्ले स्टोअरवरून टाका आणि प्रत्येक एकदा उघडून बघा. ॲप उघडताच बंद झालं किंवा 'हे ॲप १६ केबीशी जुळत नाही' अशा अर्थाची सूचना आली, तर तिचा स्क्रीनशॉट काढा, ॲपच्या प्ले स्टोअरच्या पानावर डेव्हलपरचा ईमेल असतो तिथे पाठवा. पीक पाहणीचं ॲप असेल तर तोच स्क्रीनशॉट तलाठ्यालाही दाखवा, आणि नोंदणीची मुदत संपायच्या आत दुसऱ्या फोनवरून नोंद करून घ्या.