सिनेटची जागा राखून गव्हर्नरपदाचा डाव

सहा वर्षांची मुदत, अवघे शंभर सभासद, परराष्ट्रांशी होणारे तह आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांना संमती देण्याचा अधिकार: अमेरिकेच्या सिनेटचे हे वैभव असताना एखाद्या विद्यमान सिनेटराला आपल्या राज्याचा गव्हर्नर व्हावेसे का वाटावे? येथे गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. बहुतेक राज्यांत त्याला खर्चाच्या विधेयकातील एखादीच बाब खोडून टाकता येते. हा अधिकार राष्ट्राध्यक्षालाही नाही. शिवाय सिनेटमधून थेट अध्यक्षपदी निवडून आलेले तिघेच: १९२० मध्ये हार्डिंग, १९६० मध्ये केनेडी व २००८ मध्ये ओबामा. कार्टर, रेगन, क्लिंटन आणि धाकटे बुश गव्हर्नरपदाच्या वाटेने गेले.

तेव्हा महत्त्वाकांक्षेला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिची किंमत कोण मोजतो, हा. अलाबामाचे टॉमी ट्यूबरव्हिल यांनी २०२५ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली, तेव्हा त्यांची सिनेटची मुदत संपत आली होती. एक धरायचे तर दुसरे सोडणे भाग होते. त्याच वर्षी कोलोरॅडोचे मायकेल बेनेट यांनीही तशीच घोषणा केली. पण त्यांची मुदत जानेवारी २०२९ पर्यंतची. अशा उमेदवाराची हार झाली तरी सिनेटची जागा शाबूत राहते. तो जिंकला तर रिकाम्या जागेवर माणूस नेमणे बहुतेक राज्यांत गव्हर्नराच्याच हाती. (बेनेट स्वतः २००९ मध्ये सिनेटवर आले ते अशाच नेमणुकीने.) अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर लाभ खासगी आणि जोखीम सार्वजनिक.

विशेष म्हणजे ही मुभा १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीतून आली. सिनेटरांची निवड विधिमंडळांकडून काढून मतदारांकडे सोपविणारी दुरुस्ती तीच!

अलास्कात या मुभेचे टोक गाठले गेले. बावीस वर्षे सिनेटर असलेले फ्रँक मर्कोव्स्की २००२ मध्ये गव्हर्नर झाले आणि आपल्या जागेवर त्यांनी स्वतःच्या कन्येची, लिसा यांची, नेमणूक केली. मतदारांनी २००४ मध्ये गव्हर्नराचा हा अधिकारच मतदानाने काढून घेतला. २००६ मध्ये पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मर्कोव्स्की तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. कन्या मात्र २००४ मध्ये स्वबळावर निवडून आली, आणि २०१० मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली असता मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या नावाच्या मतांवर जिंकली. नेमणूक झालेली व्यक्ती नालायकच असते असे नव्हे. पण तिची परीक्षा मतदारांनी आधी घ्यावयाची असते.

कॅलिफोर्नियाचा अनुभवही असाच बोलका आहे. १९८८ मध्ये सहा वर्षांसाठी सिनेटवर निवडून आलेले पीट विल्सन १९९० मध्ये डायान फाइनस्टाइन यांचा पराभव करून गव्हर्नर झाले. आपल्या सिनेटच्या जागेवर त्यांनी जॉन सेमूर यांना नेमले. १९९२ मध्ये त्या सेमूरना याच फाइनस्टाइनबाईंनी हरविले.

पोटनिवडणूक खर्चाची असते, आणि ती होईपर्यंत राज्याचा सिनेटमधील अर्धा आवाज बंद राहतो, हा आक्षेप खरा आहे. तरीही ऑरेगॉन व विस्कॉन्सिन ही राज्ये नेमणुकीऐवजी निवडणूकच घेतात. हा खर्च इतर राज्यांनीही सोसावा, आणि तसा कायदा होईपर्यंत मुदत शिल्लक असलेल्या सिनेटराने उमेदवारीचा अर्ज भरतानाच आपल्या जागेचे काय करणार, हे नावानिशी सांगावे.