नावलौकिकाचा पाया

टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञाने १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ या नियतकालिकातून असा विचार मांडला की, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस एक ब्रँड मानून त्याची जोपासना करावी. आणि हा विचार आता आपल्याकडेही इतका रुजला आहे की, नव्याने रुजू झालेला तरुण कामाचे स्वरूप ध्यानी येण्यापूर्वीच लिंक्डइनवरील आपल्या परिचयाचा मसुदा सिद्ध करू लागतो. त्यास दोष देणे अन्यायाचे होईल; कारण जेथे वरिष्ठांना हाताखालच्या माणसांचे काम बारकाईने पाहण्याची सवड नसते, तेथे बोलक्यास बढती मिळते आणि अबोल कष्टाळू मनुष्य मागे राहतो, हे तो प्रत्यक्ष पाहत असतो.

तथापि टिकाऊ लौकिक कसा घडतो, हे जाणण्यासाठी चिंतामणराव देशमुखांचे चरित्र पाहावे. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत प्रथम आलेला हा गृहस्थ १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या प्रतिनिधिमंडळात बसला, १९५० मध्ये देशाचा अर्थमंत्री झाला; आणि मुंबई महाराष्ट्रास नाकारली जात आहे असे दिसताच १९५६ साली त्याने ते पद सोडले. त्या राजीनाम्याला जे वजन प्राप्त झाले, ते भाषणाच्या प्रभावाने नव्हे, तर त्यामागे उभ्या असलेल्या सुमारे तीन तपांच्या चोख कारभाराने. म्हणूनच हुद्दा गेला तरी विश्वास गेला नाही, आणि लवकरच विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली.

देशमुखांची प्रज्ञा सर्वांना लाभत नाही, परंतु त्यांची शिस्त कोणाही कारकुनास साध्य आहे. जी मुदत पाळता येईल तीच कबूल करावी. चूक झाल्यास ती इतरांनी हुडकण्याआधी आपणच कळवावी. सहकाऱ्याने केलेल्या कामाचा उल्लेख टिपणीत त्याच्या नावानिशी करावा. आणि स्वतः केलेल्या कामाखाली स्वतःचे नाव व तारीख निःसंकोचपणे घालावी, कारण आपल्या श्रमांची यथार्थ नोंद ठेवणे ही आत्मस्तुती नसून दप्तराप्रती असलेले कर्तव्यच होय.

मात्र सारा भार कनिष्ठांवर टाकून चालणार नाही. ज्या वरिष्ठाच्या एका शेऱ्यावर दुसऱ्याची बढती किंवा बदली अवलंबून असते, त्याने तो शेरा त्या माणसाचे काम स्वतः वाचून, तपासून मगच लिहावा; कारण वशिला आणि वाक्चातुर्य यांना गुणवत्तेहून अधिक किंमत देणारी कचेरी आपल्या उत्तम माणसांना काम सोडून जाहिरात करावयास शिकवते, आणि त्याचे नुकसान अखेर तिच्या दारी येणाऱ्या सामान्य नागरिकालाच सोसावे लागते.