ईना, मीना आणि पुणतांबा

गेल्या रविवारी शिरूरला मावसभावाचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघाला, पुढे बँड. रात्री डीजे ठरलेला, त्यामुळे बँडकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. तेवढ्यात साठीच्या घरातल्या एका काकांनी क्लॅरिनेटवर 'ईना मीना डीका' सुरू केलं. पहिल्यांदा सरळ, ओळखीचं. दुसऱ्यांदा मात्र काका सुटलेच! चाल तीच, पण मधल्या जागा सगळ्या त्यांच्या स्वतःच्या. मध्येच लावणीचा ठसका, मध्येच भलतीकडे उडी, आणि बरोब्बर समेवर परत. ताशेवाला त्यांच्याकडे बघून हसत होता.

मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. शेजारचा मित्र म्हणाला, "सोड रे, मूळ गाणंच वेस्टर्नवरून ढापलंय." मी आपला "हो ना" म्हणून मोकळा झालो. दौंडला घरी पोचेपर्यंत मात्र स्वतःवरच चिडलो होतो.

कारण जॅझमध्ये हेच काम मानाचं समजतात. तिथे 'स्टँडर्ड' म्हणजे अशी धून, जी सगळ्यांना येते आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीने वाजवतो. 'बॉडी अँड सोल' हे जॉनी ग्रीनचं 1930 सालचं गाणं. 1939 मध्ये कोलमन हॉकिन्सने ते सॅक्सोफोनवर वाजवलं, तेव्हा मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवली आणि पुढे सगळं स्वतःचं. त्याला कुणी चोर म्हणत नाही. ते रेकॉर्डिंग आज अजरामर आहे.

आता आपलं गाणं. 'आशा' सिनेमा, 1957. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्म पुणतांब्याचा. आमच्या दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की नगर, राहुरी, श्रीरामपूर करत पुणतांबा येतं. हा माणूस विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकला आणि मुंबईत जाऊन हिंदी सिनेमात स्विंग घेऊन आला. गोष्ट अशी सांगतात की बाहेर मुलं खेळताना 'ईनी मीनी' म्हणत होती, अण्णांनी ते उचललं आणि त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी पुढचे गमतीचे शब्द जोडले.

उचललं? हो, उचललं. 'समाधी'मधलं (1950) 'गोरे गोरे' तर लॅटिन चालीवरच बेतलेलं आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती नावं पुसली जाण्याबद्दल.

1935 मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. अशा लोकांकडून गोव्याच्या पोरांनी जॅझ उचललं. चर्चच्या शाळांमध्ये ही पोरं नोटेशन वाचायला शिकलेली. रात्री हॉटेलात वाजवायचं, दिवसा स्टुडिओत. सिनेमाच्या गाण्यांचे वाद्यमेळ कागदावर लिहिणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतलीच मंडळी. हळदोण्याचा आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा आणि सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. 'अलबेला'त (1951) तो आणि त्याचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो. पण श्रेयनामावलीत या मंडळींची नावं शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड वापरणं पाप नाही. रोज वापरतो, त्यावरच पोट आहे. पण मूळ लिहिणाऱ्याचं नाव फाइलच्या डोक्यावरून उडवायचं नाही, हा साधा नियम आहे. सिनेमावाल्यांनी हाच नियम पाळला नाही, असं मी तावातावाने लिहायला बसलो होतो...

आणि मग आठवलं, माझा व्हिडिओ. तो मी फॅमिली ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "शिरूरचा बँड, धमाल!" झालं. काकांचं नाव? मी विचारलंच नव्हतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "बँडचं नाव पावतीवर आहे की. वाजवणाऱ्याचं कोण विचारतं?"

पावतीवरचा नंबर घेतला आहे, उद्या फोन करणार. तुमच्याकडे लग्न असेल तर बँडवाल्यांना एकदा 'ईना मीना' वाजवायला सांगा. त्यांना सुटू द्या. आणि व्हिडिओ टाकण्याआधी नाव विचारा.