वाचनाचा तास आणि टाकीतलं पाणी

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाची तिसरीत आहे, पुण्यातल्याच एका शाळेत. उतारा वाचत बसली होती. खडकवासला धरण, मुठा नदी, पुण्याचा पाणीपुरवठा... एकदाही अडखळली नाही. मी आपलं सहज विचारलं, "मग आपल्या नळाला पाणी कुठून येतं गं?"

"टाकीतून, मामा."

चौकशी केल्यावर कळलं की शाळेने परिसर अभ्यासाचे आठवड्यातले तीन तास काढून वाचन-लेखनाला दिलेत. पालक खूश! मिनिटाला किती शब्द वाचले ते आकड्यात दिसतं ना. आम्हा आयटीवाल्यांना हा रोग चांगला ओळखीचा आहे. जे मोजता येतं त्याचा डॅशबोर्ड होतो, बाकीचं कुणाचंच काम नसतं.

आता लगेच अंगावर येऊ नका. वाचन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. भयंकर आहे हे. ज्या मुलाला अक्षरंच लागत नाहीत त्याच्यासाठी तास वाढवा, माझी काडीची हरकत नाही. पण घडाघडा वाचणाऱ्या पोरीला पुन्हा तेच कशाला?

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. तेवढ्यातच सगळं बसवायचं, त्यामुळे कुणाचा तरी तास जाणार हे मला कळतं. माझं भांडण वेगळं आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला वाचन होत नाही, असं ठरवलं कुणी?

१९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. यात नवल काय? क्रिकेट न कळणाऱ्याला 'फॉलोऑन'ची बातमी वाचायला द्या, शब्द सगळे वाचेल आणि वर विचारेल, "मग जिंकलं कोण?" (आमच्या ऑफिसात असे दोघे आहेत. असो.)

म्हणजे परिसर अभ्यास कापून वाचन सुधारायला जायचं आणि वाचलेलं कळायला जे लागतं तेच कापायचं. बालभारतीने तिसरीसाठी जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी परिसर अभ्यासाची पुस्तकं काढली, ती काय शोभेला?

त्या संध्याकाळी भाचीला घेऊन खाली गेलो. वॉचमनकाकांना तिनेच विचारलं, टाकीत पाणी कोण टाकतं. मग पंप पाहिला, महापालिकेची पाइपलाइन पाहिली. घरी येऊन तिने न सांगता सात ओळी लिहिल्या. 'महापालिका' चुकलंय, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे. शेवटच्या ओळीत विचारलंय, धरणातलं पाणी संपलं तर काका पंप कशाला चालू करतील?

शनिवारी पालकसभा आहे. बहिणीला म्हटलं, तो कागद घेऊन जा.